सोनोग्राफी म्हणते काही नाही, एमआरआय म्हणतो फाटलंय

पत्र

डॉक्टर, नमस्कार.

माझी मुलगी १६ वर्षांची आहे. १०० आणि २०० मीटर धावते. १७ दिवसांपूर्वी सरावात पूर्ण वेगात असताना तिच्या डाव्या मांडीमागे ‘टक्’ झालं आणि ती लंगडत थांबली. त्याच संध्याकाळी सोनोग्राफी केली. रिपोर्ट आला, ‘विशेष दोष नाही’. तिचे सर म्हणाले, रिपोर्ट नॉर्मल आहे, दुखणं मनातलं आहे. तिसऱ्या दिवशी तिने थोडे स्ट्राइड, म्हणजे लांब टांगांच्या धावा, मारले आणि पुन्हा जोरात कळ आली. पाचव्या दिवशी एमआरआय केला. त्यात लिहिलंय, ‘बायसेप्स फेमोरिस, लाँग हेड, ग्रेड २ टिअर, स्नायू आणि टेंडनच्या सांध्यापाशी ७ सेंटिमीटर सूज’. सात सेंटिमीटर फाटलं म्हणून घरात रडारड झाली. परवा पुन्हा एमआरआय केला, तर सूज अजून आहेच, ५ सेंटिमीटर. फिजिओ म्हणतात, फिल्म स्वच्छ होईपर्यंत धावायचं नाही. लेक म्हणते, मला आता काहीच दुखत नाही, जॉगिंगही जमतं. पाच आठवड्यांनी तिची महत्त्वाची स्पर्धा आहे. दर पंधरा दिवसांनी एमआरआय करायची माझी तयारी आहे, त्यात किरणांचा धोका नसतो असं वाचलं आहे. मी कोणाचं ऐकू?

एका धावपटूचे बाबा

उत्तर

नमस्कार.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. त्यात एक सोनोग्राफी आहे, दोन एमआरआय आहेत, सरांचं मत आहे, फिजिओंचं मत आहे. एक गोष्ट मात्र मला सापडली नाही. तिला पालथं झोपवून, मांडीची मागची बाजू बैठकीच्या हाडापासून गुडघ्यापर्यंत बोटांनी चाचपून, घोट्यापाशी हात धरून ‘आता गुडघा वाकव, लाव जोर’ असं कोणी म्हटलं का? मग तेच दुसऱ्या पायावर करून पाहिलं का? पाहिलं असेल आणि तुम्ही लिहायचं राहून गेलं असेल, तर उत्तम. पण पत्रात त्याचा उल्लेख नाही, आणि तुमच्या घरातला सगळा गोंधळ तिथूनच सुरू झाला असावा असं मला वाटतं.

आधी सरळ उत्तर देते. तिसरा एमआरआय आत्ता नको. फिल्म स्वच्छ होण्याची वाट पाहू नका. आणि दुखत नाही एवढ्यावर तिला पूर्ण वेगात सोडूही नका. मी तिला तपासलेलं नाही, त्यामुळे तारीख देणार नाही. पण तुमच्या हातातले कागद कसे वाचायचे आणि पुढच्या भेटीत काय विचारायचं, ते सांगते.

सोनोग्राफीपासून सुरुवात करू, कारण तिच्यावर अन्याय झाला आहे. दुखापत झाली त्याच संध्याकाळी ती केली गेली. स्नायूचे धागे तुटले की तिथे रक्त साकळतं, पण ताजं रक्त सोनोग्राफीच्या पडद्यावर बऱ्याचदा आजूबाजूच्या स्नायूसारखंच राखाडी दिसतं. एक-दोन दिवस गेले की ते पातळ होत जातं आणि मग काळ्या डबक्यासारखं वेगळं उठून दिसतं. म्हणून स्नायूची सोनोग्राफी साधारण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी केलेली बरी. शिवाय लहान दुखापत सोनोग्राफीतून निसटू शकते, आणि मांडीच्या वरच्या टोकाला, नितंबाच्या जाड स्नायूखाली, लहरी नीट पोचत नाहीत. प्रोब, म्हणजे त्वचेवरून फिरवायचं सोनोग्राफीचं उपकरण, कोणाच्या हातात आहे यावरही पुष्कळ काही अवलंबून असतं. तेव्हा त्या संध्याकाळचा ‘विशेष दोष नाही’ याचा अर्थ ‘त्या वेळी, त्या तपासणीत दिसला नाही’ एवढाच होता. दुखापत नाही असा तो दाखला नव्हता.

याचा अर्थ सोनोग्राफी हलक्या दर्जाची असाही घेऊ नका. योग्य दिवशी, स्नायूंची सवय असलेल्या हातात तिच्याइतकी जिवंत तपासणी दुसरी नाही. एमआरआयच्या बोगद्यात पेशंटला निपचित पडावं लागतं. सोनोग्राफीत मी म्हणू शकते, ‘जरा पाय आवळ’, आणि तुटलेली टोकं एकमेकांपासून दूर जातात की नाही ते डोळ्यांसमोर दिसतं. ‘नेमकं इथेच दुखतं का’ असं विचारत प्रोब दाबता येतो. दुसरा पाय शेजारीच असतो, त्याच्याशी लगेच ताडून पाहता येतं. साकळलेलं रक्त सुईने काढायची वेळ आली तर सुईला वाटही तीच दाखवते. पोटरीच्या दुखापतीत तर पहिला मान मी तिलाच देते, त्याबद्दल पुढे लिहीन.

आता एमआरआय. निरोगी स्नायूचा साधारण पाऊण भाग पाणी असतो. एमआरआय त्या पाण्याचा माग काढतो. चरबीचा उजाळा दाबून टाकणाऱ्या चित्रांच्या ज्या मालिका असतात (तुमच्या फिल्मवर ‘एसटीआयआर’ किंवा ‘फॅट-सप्रेस्ड टी-२’ असं लिहिलेलं असेल), त्यांत जास्तीचं पाणी, म्हणजे सूज आणि रक्त, पांढरंशुभ्र दिसतं. टेंडन, म्हणजे आपली कंडरा, काळ्या दोरीसारखी दिसते, आणि तिच्या दोन्ही बाजूंनी ती पांढरी सूज पक्ष्याच्या पिसासारखी पसरलेली असते. तुमच्या मुलीची फिल्म खिडकीच्या उजेडात धरलीत तर बहुधा असंच पीस दिसेल.

इथे तुमच्या घरातली रडारड थांबवणारी गोष्ट सांगायची आहे. सात सेंटिमीटर हा सुजेचा पल्ला आहे. सात सेंटिमीटर स्नायू फाटला असा त्याचा अर्थ नाही. थोडे धागे तुटले तरी रक्त आणि पाणी स्नायूच्या पडद्यांमधून वरखाली झिरपतं आणि फिल्मवर लांबलचक दिसतं. खरोखर तुटलेला भाग त्यापेक्षा खूप लहान असू शकतो. उलटही लक्षात ठेवा. एखाद्या दिवशी सवय नसलेला भारी व्यायाम केला आणि दोन दिवस मांड्या आखडल्या, तर त्या मांड्यांच्या एमआरआयमध्येही सूज दिसते. तिथे फाटलेलं काहीच नसतं. फिल्म पाणी दाखवते. ते पाणी कशाचं, हे ठरवायला ‘टक्’ झालेला तो क्षण आणि तपासणाऱ्याची बोटं लागतात.

तेव्हा तुमचे दोन रिपोर्ट एकमेकांविरुद्ध साक्ष देत नाहीत. एक फार लवकर घेतला गेला, दुसरा योग्य वेळी. बस.

‘ग्रेड २’ या शब्दाशी मात्र थोडं थांबायला हवं, कारण हा शब्द जितका नेमका वाटतो तितका तो नाही. जुन्या पद्धतीत तीनच पायऱ्या होत्या: सूज आहे पण धागे शाबूत, काही धागे तुटले, सगळा स्नायू तुटला. यातली मधली पायरी इतकी रुंद की जरासं फाटलेलंही त्यात आणि जवळजवळ अर्धं तुटलेलंही त्यातच. म्हणून म्युनिकमध्ये तज्ज्ञांनी बसून केलेली वेगळी वर्गवारी २०१२ साली प्रसिद्ध झाली. २०१४ साली ब्रिटिश अ‍ॅथलेटिक्सच्या डॉक्टरांनी आणखी एक मांडली, आणि ती मला धावपटूंसाठी सगळ्यांत उपयोगी वाटते, कारण तिच्यात आकड्याबरोबर एक अक्षर असतं. आकडा ० ते ४. शून्य म्हणजे दुखतंय पण एमआरआयमध्ये काही नाही, चार म्हणजे पूर्ण तुटलं. सुजेची लांबी ५ ते १५ सेंटिमीटर किंवा स्नायूच्या आडव्या छेदाचा १० ते ५० टक्के भाग व्यापलेला असेल, तर ती दुसरी पायरी. पण खरी गोम अक्षरात आहे. ‘ए’ म्हणजे स्नायूच्या बाहेरच्या आवरणाजवळची दुखापत, ‘बी’ म्हणजे स्नायू जिथे टेंडनला चिकटतो तिथली, आणि ‘सी’ म्हणजे दुखापत थेट टेंडनमध्ये शिरलेली.

बायसेप्स फेमोरिस या मांडीमागच्या स्नायूचं वरचं टेंडन बैठकीच्या हाडापाशी संपत नाही. ते स्नायूच्या आत खूप खालपर्यंत उतरलेलं असतं, छत्रीच्या दांडीसारखं, आणि धागे त्याला दोन्ही बाजूंनी येऊन मिळतात. धागे फाटले तर तुलनेने लवकर भरतात. दांडीच चिरली तर ती सावकाश भरते. ब्रिटिश अ‍ॅथलेटिक्सने आपल्याच खेळाडूंच्या नोंदी नंतर तपासल्या तेव्हा ‘सी’वाल्यांना परतायला जास्त वेळ लागला होता आणि ‘२ सी’मध्ये दुखापत पुन्हा उलटण्याचं प्रमाणही जास्त होतं. पुढे इतरांनी हेच तपासलं तेव्हा वेळेतला फरक इतका मोठा निघाला नाही, म्हणून ‘सी’ दिसलं की घाबरून जायचं कारण नाही. पण घाई करायची नाही, हे नक्की.

तुम्ही लिहिलेल्या शब्दांवरून तिची दुखापत ‘२ बी’च्या जवळपास वाटते. पण रिपोर्टमध्ये टेंडनबद्दल स्पष्ट वाक्य आहे का ते पाहा. नसेल तर रिपोर्ट लिहिणाऱ्या रेडिओलॉजिस्टकडे जाऊन विचारा: आतलं टेंडन शाबूत आहे का? दुखापतीचं वरचं टोक बैठकीच्या हाडापासून किती दूर आहे? तुमची ‘ग्रेड २’ कोणत्या वर्गवारीतली? हे विचारण्यात संकोच वाटू देऊ नका. चांगल्या रेडिओलॉजिस्टला असे प्रश्न आवडतात, कारण बहुतेकदा त्यांच्याकडे ‘मांडी दुखते’ एवढीच चिठ्ठी आलेली असते.

हाडापासूनच्या अंतराचा प्रश्न मी मुद्दाम घातला आहे. धावताना होणारी हॅमस्ट्रिंगची, म्हणजे मांडीमागच्या स्नायूंच्या गटाची, दुखापत बहुतेक वेळा बायसेप्स फेमोरिसच्या लाँग हेडमध्येच, म्हणजे त्याच्या लांब भागातच, होते. पाय पुढे झेपावतो आणि पाऊल जमिनीला लागण्याच्या किंचित आधी हा स्नायू लांबत असतानाच ब्रेक लावत असतो, तेव्हा तो फाटतो. दुसरा प्रकार नर्तकांमध्ये दिसतो. पाय हळू, पण टोकापर्यंत ताणताना सेमिमेंब्रेनोसस या शेजारच्या स्नायूचं वरचं टेंडन दुखावतं. स्वीडनचे संशोधक कार्ल आस्कलिंग यांनी हे दोन्ही गट बारकाईने पाहिले. धावपटूंना पहिल्या दिवसांत जास्त त्रास झाला, नर्तकांना कमी, पण पूर्वपदावर यायला नर्तकांना कितीतरी जास्त काळ लागला. पहिल्या आठवड्यातलं दुखणं पाहून पुढचा अंदाज बांधू नये तो यासाठी. ‘लेक म्हणते दुखत नाही’ हे तुमचं वाक्य वाचताना मला तेच आठवलं.

आणखी एक गोष्ट, तिच्या वयामुळे. सोळाव्या वर्षी बैठकीच्या हाडावर, जिथे हॅमस्ट्रिंग उगम पावतो, तिथे वाढीची कूर्चा अजून शिल्लक असू शकते. मोठ्या माणसात स्नायू फाटतो त्या झटक्याला या वयात कधी कधी हाडाचा तुकडाच निखळतो, कारण टेंडनपेक्षा ती कूर्चा कच्ची असते. मांडीच्या पुढच्या बाजूने कंबरेच्या हाडाच्या टोकांनाही असंच होतं. ‘मसल पुल’ समजून मसाज आणि स्ट्रेचिंग करत बसलेली मुलं मी महिन्याने पाहिली आहेत. यासाठी साधा एक्स-रे लागतो. एक्स-रेमध्ये स्नायू दिसत नाही म्हणून खेळाडूंच्या दुखापतीत त्याची आठवण कोणाला राहत नाही, पण हाडाचा पातळ तुकडा तो एमआरआयपेक्षाही चटकन दाखवू शकतो. तुमच्या मुलीची दुखापत मांडीच्या मध्यावर, स्नायूत असेल तर ही शक्यता कमी. पण तिला कडक बाकावर बसल्यावर नेमकं त्या हाडावर दुखत असेल, तर पुढच्या भेटीत एक्स-रेचा विषय तुम्हीच काढा. सीटी स्कॅनचा मात्र इथे उपयोग नाही. मऊ स्नायूतलं त्यात फारसं कळत नाही आणि तिथे किरणं असतात.

आता फिल्म स्वच्छ होण्याबद्दल. फिजिओंचा हेतू चांगला आहे, तिला पुन्हा दुखापत होऊ नये एवढीच त्यांची काळजी दिसते. पण ही अट चुकीची आहे असं मी ठामपणे म्हणते. २०१४ साली डच संशोधकांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. हॅमस्ट्रिंगच्या दुखापतीतून सावरून मैदानावर परतण्याजोग्या झालेल्या ५३ खेळाडूंचा त्यांनी त्या टप्प्यावर एमआरआय केला. ८९ टक्के जणांच्या स्नायूत पांढरा उजाळा अजून होताच. मैदानात उतरायला तयार असलेल्या दहापैकी जवळजवळ नऊ जणांची फिल्म ‘अस्वच्छ’! ही अट त्यांना लावली असती तर ते कुठल्या दिवशी धावले असते? स्नायू भरून येतो, जोर परत येतो, पण तिथलं जास्तीचं पाणी आणि नव्याने विणलेला भाग फिल्मवर बराच काळ वेगळा दिसत राहतो. तुमच्या पहिल्या फिल्मवर ७ सेंटिमीटर, दुसऱ्यावर ५. यात वाईट बातमी काहीच नाही. दहा दिवसांत असंच दिसायला हवं.

बरं, पहिल्या एमआरआयवरून तरी परतायची तारीख सांगता येते का? पूर्णपणे नाही. स्वीडनचे डॉक्टर यान एक्स्ट्रँड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ साली युरोपातल्या २३ व्यावसायिक फुटबॉल क्लबांमधल्या हॅमस्ट्रिंगच्या दुखापतींचा हिशेब मांडला. एमआरआयमध्ये काहीच न दिसलेले खेळाडू सरासरी ८ दिवस बाहेर राहिले, ग्रेड १ वाले १७ दिवस, ग्रेड २ वाले २२ आणि ग्रेड ३ वाले ७३ दिवस. ओळीने वाचलं तर चित्र स्वच्छ वाटतं. पण ग्रेड १ आणि ग्रेड २ यांच्या सरासरीत फरक पाचच दिवसांचा, आणि प्रत्येक गटाच्या आत माणसामाणसात त्याहून मोठा फरक. २०१५ साली कतारमधल्या १८० खेळाडूंच्या अभ्यासात हेच दुसऱ्या बाजूने दिसलं. कोणाला परतायला किती दिवस लागले यातल्या फरकापैकी २९ टक्के भाग नुसत्या विचारपुशीतून आणि हाताने केलेल्या तपासणीतून उलगडत होता. एमआरआयची भर घातल्यावर त्यात वाढ झाली ती फक्त २.८ टक्क्यांची. दोन्ही मिळूनही दोन तृतीयांश फरक पहिल्या दिवशी कोणालाच कळत नव्हता. म्हणून तर तपासणी एकदा करून भागत नाही, दर आठवड्याला करावी लागते. आणि हे सगळे आकडे प्रामुख्याने प्रौढ पुरुष खेळाडूंचे आहेत. तुमची लेक सोळा वर्षांची मुलगी आहे, हे कोणी तिला ‘बावीस दिवस’ असं छातीठोक सांगायला लागलं तर त्यांना आठवण करून द्या.

एक माझा अनुभव सांगते. मी या कामात नवी असताना एका फुटबॉलपटूला फिल्मवरचा पांढरा डाग जाईपर्यंत बसवून ठेवलं होतं. सातव्या आठवड्यातही डाग होताच. तेवढ्यात त्याची मांडी दुसऱ्या मांडीपेक्षा डोळ्यांना दिसेल इतकी बारीक झाली होती. परतल्यावर त्याला पूर्वीचा जोर यायला अख्खा हंगाम गेला. ती चूक माझी होती आणि ती मी विसरलेले नाही. तुम्ही विचारता, एमआरआयमध्ये किरणं नाहीत, मग वारंवार केला तर बिघडतं काय? किरणांमुळे बिघडत नाही, ते तुमचं बरोबर आहे. बिघडतं ते त्या कागदाची वाट पाहत वाया गेलेल्या दिवसांमुळे, आणि दर पंधरवड्याला ‘टिअर’ हा शब्द वाचणाऱ्या मुलीच्या मनात बसत जाणाऱ्या भीतीमुळे.

मग ठरवायचं कशावरून? तपासताना मी आधी दुखरी जागा शोधते, ती वरून खाली किती लांब आहे ते टेपने मोजते आणि दर आठवड्याला ती आखडत जाते का ते पाहते. मग पाठीवर झोपवून मांडी उभी धरायची आणि गुडघा सरळ करायला सांगायचा. दोन्ही पाय सारखे सरळ होतात का? मग जोर, गुडघा वाकलेला असताना आणि स्नायू ताणलेला असतानाही, कारण धावपटूंचा घात बहुतेक त्या ताणलेल्या स्थितीतच होतो. त्याचबरोबर धावणं पायरीपायरीने वाढवायचं. जॉगिंग जमतं, म्हणजे पहिल्या पायरीवर पाय टेकला आहे. तिथून अर्ध्या वेगाच्या धावा, मग तीन चतुर्थांश, मग नव्वद टक्के, सरळ रेषेत आधी आणि वळणावर व स्टार्टवर नंतर. प्रत्येक पायरीनंतर त्या रात्री आणि दुसऱ्या सकाळी पाय काय म्हणतो ते विचारायचं. सकाळी आखडला असेल तर आधीच्या पायरीवर परत. सोबत हॅमस्ट्रिंगला लांबवत ताकद देणारे व्यायाम रोजच्या आखणीत हवेतच. त्यांच्याशिवाय नुसता आराम केला तर दुखणं थांबतं, पण स्नायू तयार होत नाही.

सगळं जमलं की आस्कलिंग यांची एक चाचणी मी शेवटी घेते. पाठीवर झोपून, गुडघा सरळ बांधून, पाय होईल तितक्या झपाट्याने वर उचलायचा. या चाचणीत मुख्य प्रश्न असतो, ‘भरवसा वाटला का?’ दुखलं नाही पण धाकधूक वाटली, असं खेळाडू म्हणाला तर अजून थांबायचं आणि काही दिवसांनी पुन्हा घ्यायची. ही चाचणी घरी करून पाहू नका, बाकीची तपासणी पार पडलेली नसताना तीच दुखापत उलटवू शकते.

पाच आठवडे आहेत. सगळं सुरळीत गेलं तर ती त्या स्पर्धेत उभी राहण्याची आशा धरायला हरकत नाही. पण स्पर्धेपासून मागे मोजत पायऱ्या आखू नका. आज पाय जिथे आहे तिथून पुढे मोजा.

पुन्हा फिल्म काढायची वेळ कधी येऊ शकते, तेही लिहून ठेवते. पुन्हा ‘टक्’ झालं आणि जोर गेला, तर. मांडीत बोटाला खड्डा लागला किंवा स्नायूचा गोळा एका बाजूला सरकलेला दिसला, तर लगेच, कारण टेंडन हाडापासून सुटून मागे सरकलं असेल तर शस्त्रक्रियेचा निर्णय आठवड्यांच्या आत घ्यावा लागतो. तीन-चार आठवडे नीट व्यायाम करूनही दुखरी जागा जराही कमी होत नसेल, तर. जोराचा मार लागलेल्या मांडीत काही आठवड्यांनी घट्ट गाठ लागली तर एक्स-रे किंवा सोनोग्राफी, कारण तिथे हाडासारखं चुन्याचं कवच धरत असू शकतं. सुरुवातीच्या दिवसांत तीच गाठ एमआरआयमध्ये भलतीच भीतीदायक दिसते. तेव्हा सुई घालून तुकडा काढायची घाई करू नये, मार लागल्याचा इतिहास आवर्जून सांगावा आणि थोड्या दिवसांनी पुन्हा एक्स-रे काढावा. आणि पोटरी दुखावून ती सुजली, गरम लागली, तर डॉप्लर (शिरांमधला रक्ताचा प्रवाह दाखवणारी) सोनोग्राफी त्याच दिवशी. फाटलेली पोटरी आणि शिरेत धरलेली रक्ताची गुठळी वरून अगदी सारखी दिसू शकतात, आणि गुठळीवर पोटरी चोळणं जिवावर बेतू शकतं. मार लागल्यावर काही तासांत पाय दगडासारखा घट्ट होऊन न सोसणाऱ्या वेदना सुरू झाल्या, तर फिल्मच्या नादी न लागता थेट रुग्णालय गाठायचं.

तिच्या सरांविषयी. ‘दुखणं मनातलं’ हे वाक्य मला फार टोचलं. सतरा दिवसांपूर्वी ते बोललं गेलं नसतं तर तिसऱ्या दिवशीची कळ टळली असती. पण त्यांच्याशी भांडू नका. मुलगी त्यांच्याच हाताखाली परत धावणार आहे. त्यांना सांगा की सोनोग्राफी फार लवकर झाली होती, एमआरआयमध्ये दुखापत दिसली आहे, आणि परतीच्या पायऱ्या त्यांनी, फिजिओंनी आणि डॉक्टरांनी मिळून एका वहीत लिहाव्यात. सरांच्या डोळ्यांइतकं तिचं पाऊल दुसऱ्या कोणी पाहिलेलं नाही. डावा पाय कुठे कमी पडतोय ते नव्वद टक्के वेगात त्यांनाच सर्वांत आधी दिसेल.

आणि लेकीला ते रिपोर्ट पुन्हा पुन्हा वाचायला देऊ नका. तिला एवढंच सांगा की धागे थोडे तुटले होते, ते भरत आहेत, दुसऱ्या फिल्ममध्ये सूज कमी झालेली दिसली आहे. ‘मला दुखत नाही’ हे तिचं म्हणणं खरं मानायचं. त्यावर तिला विचारायचं, ‘उतारावर जोरात पळायला सांगितलं तर पळशील?’ उत्तर द्यायला ती किती वेळ घेते ते पाहा आणि डॉक्टरांना सांगा.

खेळाच्या दुखापती पाहणाऱ्या डॉक्टरांकडे या आठवड्यात तिला घेऊन जा. रिपोर्टचे कागद पुरत नाहीत, दोन्ही एमआरआयच्या सीडी आणि त्या संध्याकाळच्या सोनोग्राफीच्या प्रती बरोबर ठेवा. धावायचे बूट आणि शॉर्ट्स तिला घालूनच न्या, म्हणजे मांडी उघडी तपासता येईल आणि जागा असेल तर पळवूनही पाहता येईल. डॉक्टरांसमोरच्या खुर्चीत तिला बसवा. तुम्ही बाजूच्या खुर्चीत बसा.